तिफणीचा दात आणि गिटारची मान

खेड्यातल्या सुताराची हत्यारं कुणालाही सांगता येतात. वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणारेही हीच मांडतात. साचे मात्र कुणी मांडत नाही, कारण ते हत्यारासारखे दिसतच नाहीत. खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आबाजींच्या, म्हणजे माझ्या सुतार आजोबांच्या छपरीत, कुडाच्या भिंतीवर, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा साच्यांचा एक घोस सुतळीत ओवून टांगलेला असे. कुठे सागाचा तुकडा, कुठे बाभळीचा, कुठे आंब्याच्या फळीचा. प्रत्येकाची एक बाजू सरळ, दुसरी तिरपी. नाव नाही, आकडा नाही, खूण नाही. कुठला कशाचा, हे आबाजींनाच ठाऊक. आम्हा पोरांना खेळायला रंधा मिळायचा, पटाशीसुद्धा एखादे वेळी मिळायची. साचा कधी मिळाला नाही.

ते साचे मुख्यतः तिफणीचे होते. तिफण लांबून पाहिली तर तीन दातांचा साधा फणा. पण कोनांचं इतकं नाजूक काम गावच्या सुताराच्या वाट्याला दुसऱ्या कशात येत नसावं. माझ्या मते बैलगाडीच्या चाकातही नाही. आडवं जाड लाकूड म्हणजे दिंड. त्यात खाली तीन दाते, वर धरायला रुमणं, पुढे जुवाकडे जाणारी दांडी. प्रत्येक दात्याला बांबूची नळी आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीला जोडलेल्या. ती वाटी म्हणजे चाडं. पेरणारी बाई चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत जाते आणि मागे तीन तासांत बी पडत जातं.

दात उभा बसला तर तो माती धरत नाही. ढेकळांवरून उड्या मारत जातो, बी उघडं पडतं आणि पाखरं टिपतात. फार पुढे झुकला तर खोल घुसतो. बैलांचा दम निघतो आणि इतक्या खालून वर येता येता कोंबाचाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिन्ही सारखे नसणं. पेरताना काही कळत नाही, पंधरा दिवसांनी शेतच चुगली करतं: दोन ओळी दाट आणि तिसरी विरळ, बांधापासून बांधापर्यंत. मग शेतकरी छपरीत येऊन उभा राहायचा. “बुवा, मधातला दात लय खोल जाऊन रायला, पाहा बरं.”

आता सुताराची अडचण बघा. दाते बसतात दिंडातल्या भोकांत, म्हणून भोकंच तिरपी पाडायला हवीत. सरळ भोक पाडताना गुण्या लावून पटाशी उभी आहे की नाही हे बघता येतं. तिरप्या भोकाला काय लावणार? आबाजी दिंडावर साचा ठेवायचे, त्याच्या तिरप्या बाजूला पटाशीची पाठ टेकवायचे आणि ठोकत जायचे. पटाशी दुसरीकडे जाऊच शकत नसे. तिन्ही भोकांना तोच साचा, तीच बाजू. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं: “लाकूड कोनाचं आयकत नाही बापा. त्याले दाखवा लागते.”

एवढे सगळे साचे कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. उत्तर आमच्या जिल्ह्याच्या जमिनीत आहे. बुलढाणा जिल्ह्यात माणूस ओळख सांगतानाही घाटावरचा की घाटाखालचा, हे सांगतो. खाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा भाग. भारी काळी माती, पाऊस पडला की पायाला चिकटून येणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, काही पट्ट्यात तर खारवट. वर चिखली, मेहकर, बुलढाणा, देऊळगाव राजा. तिथे जमीन हलकी, कुठे मुरमाड. एका मातीला चालणारा कल दुसरीला चालत नाही. शिवाय बैल. उंच बैलांच्या जुवामुळे पुढची दांडी वर उचलली जाते आणि दात्यांचा सगळा कल बदलतो. म्हणून नवी तिफण सांगायला येणारा माणूस नुसता माप घेऊन येत नसे. कुणाचं शेत कुठलं, जोडी केवढी, पेरायचं काय, हे सगळं तिथल्या बाजेवर बसून बोललं जायचं आणि मग आबाजी उठून घोसातला एक साचा काढायचे. कधी कुठलाच जमला नाही तर नवा पाडायचे. घोस असा वाढत गेलेला होता, गिऱ्हाइकागणिक.

अंश ही भाषा त्यांच्याकडे नव्हती. कल बोटांत मोजायचा. “वितीले तीन बोटं” म्हणजे मधला, “वितीले दोन” म्हणजे उभट. वीत बारा बोटांची आणि दोन वितींचा हात, हे आपलं जुनं माप. पुढे कधीतरी मी त्रिकोणमितीने हिशेब करून पाहिला. बाराला तीन म्हणजे चारास एक. त्याचा कोन १४ अंश. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझा भाचा. पुण्यात वाद्यदुरुस्तीचं काम शिकला, मग खामगावला परत आला आणि पत्र्याच्या शेडमध्ये गिटारी करतो. दुरुस्तीवर घर चालतं, नव्या गिटारी अधूनमधून होतात. त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर जागोजाग टांगलेले प्लायवूडचे तिरपे ठोकळे दिसले. विचारलं तर म्हणाला, “जिग हायेत मामा.” मानेची जिग, डोक्याची जिग, पोटाच्या वळणाची जिग. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडे.

गिटारचं डोकं, म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो वरचा भाग, बहुतेक गिटारींत मानेच्या रेषेत नसतं. मागे कललेलं असतं. कारण साधं आहे. मान आणि डोकं यांच्या सीमेवर हाडाची किंवा प्लास्टिकची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तार त्या पट्टीवर दाबून बसली तरच ती स्वच्छ वाजते. डोकं मागे कललेलं असलं की तार पट्टीवरून खाली उतरते आणि आपोआप दाब येतो. कल कमी तर तार पट्टीवरच्या खाचेत झिणझिणते. कल जास्त तर ती खाचेत अडकते, खुंटी पिळली तरी सरकत नाही, आणि मग एकदम उडी मारून सुटते. तिफणीसारखंच इथेही दोन्हीकडे नुकसान.

हा कल आणायचा कसा, यावर जगात भांडणं आहेत. अमेरिकेत लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. स्वतः गिटार वाजवत नसे. त्याने १९५०च्या सुमारास सरळ सांगितलं की कल नकोच. सपाट फळीतून मान आणि डोकं एकत्र कापायचं, आणि तार खाली दाबायला डोक्यावर पत्र्याची छोटीशी चिमटी ठोकायची. सुतारकीच्या दृष्टीने ही चलाखी आहे, पण चलाखी उत्तम चालली. गिब्सन कंपनीने उलट केलं: जाड ठोकळ्यातून कलतं डोकं कोरून काढायचं. लेस पॉल ही त्यांची प्रसिद्ध गिटार १९५२ साली आली, कल १७ अंश. दिसायला देखणी, पण पडली की नेमकी मानेशी मोडायची. लाकडाचे रेषे मानेच्या दिशेने सरळ जात असतात आणि डोकं तिरपं वळतं, तेव्हा वळणावर रेषे तोडले जातात. तिथे लाकूड नावालाच एकसंध असतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी तो कल कमी केला. किती? १४ अंश. वितीला तीन बोटं. हा योगायोग आहे आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही, पण मला तो फार आवडतो.

तिसरा मार्ग जोडाचा, आणि भाचा तोच वापरतो. १८ मिलिमीटर जाडीची सागाची फळी घ्यायची आणि ती १३ अंशांच्या लांब उतारावर कापायची. कापाचा उतार सुमारे ८० मिलिमीटर भरतो. मग सुटा झालेला तुकडा उलटा करून पहिल्याच्या उतारावर चिकटवायचा. डोकं आपोआप १३ अंशांनी मागे जातं आणि मुख्य गोष्ट म्हणजे डोक्यातले रेषे डोक्याच्या दिशेने, मानेतले मानेच्या दिशेने राहतात. कुठेच रेषा तुटत नाही. वर डिंकाला ८० मिलिमीटर लांब जागा मिळते, त्यामुळे नीट केलेला जोड शेजारच्या लाकडाइतकाच टिकतो. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. तो या जोडावर वर्षानुवर्षं राहतो.

हाताने करवत चालवून असा लांब उतार सपाट कापणं कठीणच. म्हणून जिग. भाच्याची जिग म्हणजे दोन उभ्या फळ्या, दोन्हींची वरची कड १३ अंशांच्या उतारावर तासलेली. मध्ये गिटारची फळी घट्ट धरायची आणि वरून राउटर हे फिरत्या पात्याचं यंत्र त्या दोन कडांवरून सरकवत न्यायचं. राउटरचं पातं फळीला कडांच्याच उतारावर तासतं. त्याने सांगितलेली एक खुबी मला पटली: दोन्ही तुकडे एकावर एक रचून, दोन्ही उतार एका पातळीत आणून, एकदमच तासायचे. कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी दोन्ही उतार एकमेकांशी जुळलेलेच राहतात. चिकटवताना मात्र ओला डिंक दगा देतो. दाब दिला की तुकडे उतारावरून घसरतात. काही कारागीर डिंकावर चिमूटभर मीठ टाकतात, दाणे लाकडात रुततात आणि घसरण थांबते. भाच्याच्या जिगमध्ये टोकाला एक अडसर आहे, तुकडा त्याला टेकतो.

हे बघताना पटाशीची पाठ टेकवून धरलेला साचा आठवला नसता तरच नवल. मी घोसाबद्दल त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, “मंग आबाजीकडे जिगच होत्या नं!”

होत्याच. म्हणूनच ‘पूर्वी हाताची कला होती, आता यंत्रं आली’ हे नेहमीचं रडगाणं मला म्हणवत नाही. पूर्वीही हातावर भरवसा ठेवत नसत. चांगला सुतार तोच, जो हाताला भटकू देत नाही. आबाजींच्या हाताचं कौतुक गावभर होतं. त्या कौतुकातला निम्मा वाटा भिंतीवरच्या घोसाचा होता.

फरक पडला तो लाकडात. आबाजी जोड टाळता येईल तिथे टाळायचे. लाकडी नांगराला ते मुळात वाकडीच बाभूळ शोधायचे. जिथे फांदी खोडातून फुटते तिथे रेषे आपणहून वळलेले असतात, त्या बाकाचं लाकूड मोडत नाही. बांधावरच्या बाभळी त्यांच्या डोळ्यांत भरलेल्या असत. अमक्याच्या धुऱ्यावर नांगरजोगा बाक आहे, तमक्याकडे जुवाला चालेल असा. झाड उभं असतानाच त्याच्यात नांगर दिसायचा. धुऱ्यावरच्या त्या बाभळी आता विरळ झाल्या, शेतं लहान झाली, ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. भाच्याला वाकडं लाकूड मिळणारच नाही, आणि मिळालं तरी गिटारला चालणार नाही. त्याला मिळतो तो जुन्या घरांचा साग. खामगावात १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. कापसाच्या पैशातून बांधलेल्या वाड्यांचे सर, तुळया, चौकटी आज पाडकामात निघतात. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, खिळ्यांची काळी भोकं असलेलं. ते सरळच असतं, म्हणून वाकवायचं तर जोडावं लागतं. जिग ही सरळ लाकडाची गरज आहे.

जुन्या जोडाचा माग राहतो, त्याचीही एक गोष्ट आहे. सॅक्सनीतून १८३३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिनच्या गिटारच्या कारखान्यात सुरुवातीला डोकं वेगळं करून मानेत पाचरीसारखं बसवत. त्या जोडाच्या मागे शंकरपाळ्याच्या आकाराचा उंचवटा येई. पुढे मान एकाच लाकडाची करू लागले, जोड गेला, पण काही मॉडेलांवर तो उंचवटा शोभेसाठी आजही कोरतात.

मग आपल्या वाद्यांचं काय, असं मी भाच्याला विचारलं. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या वीणेच्या खुंट्या आबाजीच करून देत, एवढाच त्यांचा संगीताशी संबंध. आषाढीसाठी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघायची त्याआधी वीणा छपरीत यायची, खुंटी घसरते म्हणून. निमुळत्या खुंटीला निमुळतंच भोक लागतं, आणि त्यासाठीही घोसात एक साचा होता. पण वीणा, तंबोरा, सतार यांची डोकी गिटारसारखी कललेली नसतात. मिरजेत तंबोरे आणि सतारी होतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे हा धंदा उभा केला. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे त्यांना लागतात. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यामुळे कारागिरांना जाणता कान शेजारीच मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांत तार पट्टीवर दाबायचं काम कलाने होत नाही. मानेच्या वरच्या टोकाला दोन पट्ट्या असतात; त्यातली तारगहन ही भोकांची. तार भोकातून ओवलेली असल्यामुळे ती उठूच शकत नाही. फेंडरने चिमटी ठोकून जे साधलं ते इथे कितीतरी आधी भोकाने साधलेलं होतं. भाचा म्हणतो, तारगहनची गिटार करून पाहायची आहे. करेल तेव्हा खरं.

आबाजींचा काळ चांगला होता असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. सुताराच्या घरी जन्मला म्हणून सुतार, हा नियम. बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं. पीक बुडालं की शेतकऱ्याबरोबर सुतारही बुडायचा, आणि चांगल्या सालीही खळ्यावर जाऊन उभं राहावं लागायचं. आबाजींना ते उभं राहणं आवडत नसे, म्हणून आजी जायची. भाचा दर सांगतो, आगाऊ रक्कम घेतो, नको असलेलं काम नाकारतो. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या दोघांपैकी कुणीही सुताराच्या घरातलं नाही आणि त्यातली एक मुलगी आहे. आबाजींच्या छपरीत मुलीच्या हाती पटाशी दिली असती का? नसती.

तिफणी कशा गेल्या हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. सोयाबीन आलं, ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र आलं, आता रुंद वरंबा करून पेरणारं बीबीएफ आलं. दाते लोखंडी, कल बदलायचा तर नटबोल्ट ढिला करून दुसऱ्या भोकात घालायचा. एक पाना पुरतो. पेरणी एका दिवसात उरकते आणि ती बहुतेक वेळा तिफणीपेक्षा जास्त एकसारखी होते, हे कबूल केलं पाहिजे. शेवटच्या काही वर्षांत आबाजींकडे तिफण दुरुस्तीलाही येईना. घोस तसाच टांगलेला होता. एका हिवाळ्यात घरात कुणीतरी तो अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातला. कुणी विशेष हळहळलंही नाही, जळणच होतं ते.

आज विचार केला तर त्या घोसाबरोबर गिऱ्हाइकांची नोंद जळाली असं वाटतं. नांदुऱ्याकडची चिकण माती, कुणाची उंच खिल्लारी जोडी, कुणाचं उताराचं शेत, हे सगळं त्या तिरप्या कडांत होतं. यंत्राच्या कारखान्यातून निघालेला कल सगळ्यांना सारखा असतो. भाच्याचे १३ अंशही आरंभी तसेच होते. एका इंग्रजी पुस्तकातून घेतलेले, सगळ्या जगाचे. मी त्याला हे म्हटलं तर तो म्हणाला, गिटारला माती नसते मामा.

पण गिऱ्हाईक असतं. मागच्या वर्षी शेगावचा एक तरुण आला. भजनात गिटारची साथ करतो, उभ्याने, तीन-तीन तास. त्याची तक्रार अशी की मधल्या दोन तारा, तिसरी आणि चौथी, सतत उतरतात. या दोन तारा नटवरून खालीही वळतात आणि खुंट्या दूर असल्यामुळे बाजूलाही वळतात, म्हणून खाचेत अडकतात. भजनात मध्येच थांबून तार लावता येत नाही. टाळ कुणासाठी थांबत नाहीत. भाच्याने नट घासून दिला, खाचेत पेन्सिलीचं शिसं भरलं, थोडा फरक पडला. मग त्या मुलाने नवी गिटारच सांगितली आणि बाजेवर नाही तरी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून दोघं तासभर बोलले: किती जाड तारा, कोणता स्वर, हात कसा पडतो. मी चहा पीत ऐकत होतो.

त्या गिटारसाठी कल ११ अंश ठरला. नवी जिग पाडावी लागली. तिच्यावर भाच्याने आकड्याशेजारी ‘शेगाव’ असं लिहिलंय, नाहीतर १३च्या जिगशी गल्लत होते. कल कमी झाल्याने जोडाचा उतार वाढून ९४ मिलिमीटर झाला आणि त्याच्याकडचे क्लॅम्प तेवढ्या लांबीला सारखा दाब देईनात. नवे मागवायला आठवडा गेला असता, म्हणून त्याने बाभळीच्या पाचरी केल्या आणि दोन्ही बाजूंनी ठोकल्या.